घाणेरी काढताय? या चुका टाळा

पहिला दमदार पाऊस झाला की टेकडीवर कोयते निघतात. दोन रविवारांत उतार साफ, फोटोही झकास. दिवाळीत जाऊन बघावं तर घाणेरी (टणटणी म्हणा हवं तर) आधीपेक्षा दाट! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेची शोभा म्हणून परदेशातून आणलेलं हे झुडूप कोयत्याला भीक घालत नाही.

गफलत होते ती घाव घालण्याच्या जागेत. जमिनीच्या वर छाटलं की बुडातून चार नवे फुटवे येतात. म्हणून बुंध्याभोवतीची माती थोडी उकरा आणि दोन-तीन इंच खाली मुख्य मूळ कुदळीने तोडा. मग अख्खं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा, कारण ओल्या मातीला टेकलेली फांदी पुन्हा मूळ धरते. मोठा खड्डा मात्र खणू नका. माती चाळवली की त्यातलं बी उगवून येतं. पेटवून देणं तर नकोच. गवत आणि देशी रोपं जळतात, घाणेरी बुडातून फुटते.

सगळा उतार एकदम उघडा केलात तर माती वाहून जाईल आणि रिकाम्या जागेत गाजरगवत किंवा रानमोडीसारखं दुसरं तण घुसेल. आडव्या पट्ट्यांनी पुढे सरका. झुडपात बुलबुलाचं घरटं नाही ना, तेही पाहा. मोकळ्या पट्टीत आधी मारवेल, पवना यांसारख्या स्थानिक गवतांचं बी टाका. झाडांची घाई नको.

लावताना दुसरी परदेशी झाडं आणू नका. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचं. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची केवढी गर्दी झालीय, ते दिसतंच. घाणेरीची फळं खाणाऱ्या पाखरांसाठी करवंद, तोरण, बोर लावा. गुरं चरत असतील तिथे निर्गुडी. तिला ती सहसा तोंड लावत नाहीत. करवंदाचं बी मे महिन्यात गर धुऊन लगेच पेरा, वर्षभर डब्यात ठेवलेलं उगवत नाही.

एवढं करूनही घाणेरीची रोपं येतच राहिली तर मोठ्या झाडांखाली आणि विजेच्या तारांखाली शोधा. पाखरं तिथे बसतात, बी तिथेच पडतं. पावसाने माती मऊ असताना ही रोपं हाताने सहज उपटली जातात. पुढचे दोन-तीन पावसाळे ही फेरी मारावीच लागते. गाजरगवत दिसलं तर हातमोजे घालून, फुलायच्या आधी उपटा. नुसत्या हाताने उपटलं तर कित्येकांच्या अंगाला खाज सुटते.