रंगमंचावरचा आवाज माइकपुढे आणताना: पंधरा मिनिटांची श्रुतिका, सोलापुरातल्या खोलीत

कार्लटन हॉब्ज (१८९८–१९७८) या ब्रिटिश नटानं रंगभूमी केली, चित्रपट केले, दूरचित्रवाणीही केली. पण घराघरांत तो पोचला तो आवाजानं. १९५२ ते १९६९ या काळात बीबीसी रेडिओवर तो शेरलॉक होम्स होता आणि नॉर्मन शेली वॉटसन. नाट्यशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या तरुण नटांना बीबीसीच्या रेडिओ नाट्यसंचात काही महिन्यांचं काम देणारी एक शिष्यवृत्ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. तिथले नट नाटक आणि रेडिओ दोन्ही सांभाळतात, कारण दोन्हीकडची तयारी एकमेकींना पूरक आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या सोलापूरच्या नटालाही ती साधते. फक्त आवाजाचं माप बदलावं लागतं.

आधी संहिता. मराठी संवाद साधारण मिनिटाला १२० ते १३० शब्द या वेगानं जातात. ध्वनिपरिणाम आणि विराम धरून पंधरा मिनिटांसाठी १६०० शब्द पुरेत. १९०० लिहिले की नट धावायला लागतात. पात्रं चार, फार तर पाच, आणि आवाजांत ढळढळीत फरक हवा: एक खर्जातला, एक पातळ, एक सावकाश बोलणारा. सारख्या वयाच्या दोन पुरुषांचे आवाज जवळचे असतील तर एकाला खास सोलापुरी लहेजा द्या, ‘काय बे’, ‘हाय की’ असा. सगळ्यांनाच दिला तर फरक पुन्हा पुसला जातो. पहिल्या दोन पानांत पात्रांनी एकमेकांना नावानं, नात्यानं हाक मारलीच पाहिजे. प्रसंगात हजर असलेलं पात्र बराच वेळ गप्प राहिलं तर ऐकणाऱ्याच्या लेखी ते उठून गेलेलं असतं. त्याला मधूनमधून एखादा ‘हं’, एखादा श्वास द्या.

बीबीसीनं खास रेडिओसाठी लिहिलेलं नाटक १५ जानेवारी १९२४ ला प्रसारित केलं, आणि ते घडतं कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यावर. त्यातून तालमीची एक चांगली रीत मिळते. एकानं दिवा बंद करून बसावं आणि इतरांनी शेजारच्या खोलीतून वाचावं. कोण बोलतंय, कुठे उभा आहे, हे अंधारात बसलेल्याला कळलं नाही, तर ती ओळ दुरुस्त करायची.

आता खोली. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्र’ असा थरथरता आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज परतवत आहेत. इथे आपल्या गावाचा माल उपयोगी पडतो. सोलापुरी चादरी दुहेरी करून, चुण्या पाडून, भिंतीपासून वीतभर अंतरावर दोरीला टांगा. भिंतीला चिकटवलेलं कापड कमी आवाज पितं. मागे हवेची जागा असली की जास्त. टर्किश टॉवेलचे उभे धागे वरच्या पट्टीतला चिरका भाग चांगला शोषतात, म्हणून ते नटाच्या पाठीमागे लावा; माइकचं तोंड तिकडेच असतं. घोंगडी असेल तर सोन्याहून पिवळं. मात्र यंत्रमागाची धडधड किंवा जनरेटरची घरघर यातलं काहीच अडवत नाही. खर्जातला आवाज भिंतीतूनच येतो. त्यावर उपाय वेळेचा: माग बंद असतील ती वेळ आधी विचारून ठेवा. अंड्यांचे पुठ्ठे लावून काही साधत नाही, उगाच धूळ.

एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पंखा तर बंद ठेवावाच लागतो. म्हणून ध्वनिमुद्रण पहाटे किंवा रात्री दहानंतर, वीस मिनिटं काम आणि दहा मिनिटं पंखा, असं वाटून घ्या. थंडगार पाण्यापेक्षा साधं पाणी बरं. बांगड्या, खळ घातलेली सुती साडी, कडक इस्त्रीचा झब्बा, करकरणाऱ्या वहाणा दाराबाहेर. रिकामं पोट माइकला फार स्पष्ट ऐकू येतं, तेव्हा तासभर आधी थोडं खाऊन या.

माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या) जातीचा कंडेन्सर असेल तर त्याला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो; इंटरफेसवरचं (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरचं) ते बटण विसरलं की आवाजच येत नाही. तोंडापासून अंतर एक वीत, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर. माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा बाजूला, ३० ते ४५ अंशांत. कारण प आणि ब, आणि त्यांहून जास्त फ आणि भ, यांच्यासोबत सुटणारा हवेचा झोत माइकच्या आतल्या पडद्यावर आदळून ‘धप्प’ करतो. ‘भाऊ, बापू, फाटक’ हे शब्द म्हणून आधी तपासा. ‘चांदणं’, ‘जाऊ’ यांतले दंत्य च-ज सिसकारतात, तेही कोन बदलला की निवतात. साधं बोलणं मीटरवर वजा १२ डेसिबलच्या आसपास, मोठ्यात मोठी किंचाळी वजा ६ च्या आत. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोबाइल विमान मोडवर.

अंतर हाच इथला नेपथ्यकार. माइकला चार बोटांवर गेलात की खर्ज वाढतो. मनातलं बोलणं तिथून. दारातून येणारं पात्र सहा फुटांवरून बोलत बोलत पुढे यावं, अनवाणी. ओरडायचं असेल तर एक पाऊल मागे या, तोंड जरा वळवा, पण जोर कमी करू नका. हळू आवाजात ओरडण्याचं नाटक लगेच उघडं पडतं. बीबीसीत १९३० च्या दशकात रिबन माइक आले, ते पुढून-मागून ऐकत आणि बाजूंना बहिरे असत. दोन नट समोरासमोर उभे राहून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलू शकत. असा पुढून-मागून ऐकणारा, आठच्या आकड्याची सोय असलेला माइक मिळाला तर जरूर तसंच करा. समोरच्याचा चेहरा दिसला की वाचन थांबतं आणि संवाद सुरू होतो.

रंगमंचावरच्या नटाची सगळ्यात मोठी चूक वाक्याच्या शेवटी होते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’ तर त्याच्याही नंतर. नाट्यगृहात चेहरा आणि हात ते सांभाळून घेतात. माइकपुढे शेपूट गिळलं की ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’चं ‘दिले’ होतं आणि कथानकच उलटतं. सरावासाठी प्रत्येक ओळीचे शेवटचे तीन शब्द आधी म्हणा, मग पूर्ण ओळ. हात, भुवया, हसू सगळं खुशाल वापरा, ते आवाजात उतरतं. पावलं मात्र जागची हलू देऊ नका.

कागद एकाच बाजूला छापलेले, पिना काढलेले, वाक्य पानावर न तुटणारे. पान संपलं की स्टँडवर पसरलेल्या टॉवेलवर अलगद सरकवायचं, उलटायचं नाही.

ध्वनिपरिणाम घरातच मिळतात. टांग्याला करवंट्या, पावसाला सुपात हळूहळू फिरवलेली ज्वारी, चुलीच्या जाळाला चुरगाळलेला सेलोफेन, गडगडाटाला हलवलेला पातळ पत्रा. मागाचा आवाज मात्र खराच घ्या, खोट्या आवाजानं इथे कुणी फसत नाही. शेवटी सगळ्यांनी गप्प राहून खोलीची शांतता साठ सेकंद मुद्रित करा. संपादनात दोन ओळींमध्ये कोरी पट्टी ठेवली तर तिथे कान दचकतो; ही साठ सेकंदांची शांतता त्या जागी भरायची. पक्का झालेला तुकडा हेडफोनवर ऐकून झाला की मोबाइलच्या साध्या स्पीकरवर, शेजारी कुकरची शिट्टी होत असताना ऐका. तिथे जी ओळ कळली नाही, तेवढीच पुन्हा मुद्रित करा, त्याच अंतरावरून आणि शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी.