साचा ठसा बघून घ्या: स्प्रिंगर्लेच्या साच्यांची खरेदी आणि बेकिंग

नाताळच्या कोरीव बिस्किटांचा, म्हणजे स्प्रिंगर्लेचा, जुना लाकडी साचा त्याच्या देखणेपणावर भाळून घेऊ नका, ठसा बघून घ्या. जर्मनीत श्टुटगार्टला कार्ल्सप्लात्स या चौकात दर शनिवारी जुना बाजार भरतो. तिथे जाताना माझ्या पर्समध्ये मुलांच्या खेळातल्या क्लेचा एक मऊ गोळा असतोच. साचा आवडला की विक्रेत्याला विचारून क्ले दाबायची आणि उचलायची. स्वाराचं नाक वर आलं, घोड्याचे चारही पाय सुटे दिसले आणि कुठे फाटलं नाही, तर भावाची बोलणी. क्ले एखाद्या कोपऱ्यात अडकून तुटली, तर तिथे कोरीवकाम आतल्या बाजूला वळलेलं असतं. पीठही नेमकं तिथेच तुटणार. (न विचारता दाबू नका, आणि खाचेत राहिलेले कण काढून साचा परत द्या. पुढच्या शनिवारी त्याच माणसाकडे जायचं असतं.)

साच्यावर अक्षरं किंवा साल असेल तर ते उलटं कोरलेलं हवं. साच्यात सरळ वाचता आलं तर समजा, तो भिंतीवर टांगायला केलेला आहे. चकचकीत वार्निश हीसुद्धा तीच खूण, आणि असल्या साच्यात खायचं पीठ घालूच नये. हाताने कोरलेल्या साच्याची खोली जागोजागी बदलते, बोट फिरवलं की पटाशीचे घाव लागतात. यंत्राने कोरलेल्यात सगळ्या खोबणी एकाच गोलाईच्या. लाकूड बहुधा नासपतीचं असतं. त्याचा पोत इतका बारीक की झग्याची लेससुद्धा त्यात उमटते. मागे किड्यांची भोकं दिसली म्हणून लगेच सोडून देऊ नका. साचा पांढऱ्या कागदावर आपटा. ताजी पिवळसर भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. पिशवीत हवाबंद करून दोनेक आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावा लागेल.

खरेदी उन्हाळ्यात करा. डिसेंबरात सगळ्यांनाच नाताळ आठवतो आणि भाव चढतात. लाकडाची भुकटी आणि रेझिन मिसळून जुन्या साच्यांच्या नकला करतात, त्या रोजच्या वापराला उत्तम. संग्राहक नाक मुरडतात, मुरडू देत. अस्सल जुने नमुने बघायचे तर झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा, तिथे 14व्या शतकातला कोकराचा गोल साचा आहे. पोलंडमधल्या तोरुनला मसालेदार मधाच्या बिस्किटांचं संग्रहालय 2015 पासून जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहे. एकाच गावाचे इतके साचे बघितले की डोळा आपोआप तयार होतो.

आता पीठ. चार मध्यम अंडी आणि 500 ग्रॅम पिठीसाखर मिक्सरने पांढरं, घट्ट होईपर्यंत फेटा. दहा-पंधरा मिनिटं लागतात, इथे कंटाळा नको. सुरीच्या टोकावर मावेल एवढं हिर्शहोर्नझाल्त्स घाला. हे अमोनियम कार्बोनेट; नाताळच्या दिवसांत इथल्या सुपरमार्केटात बेकिंग पावडरशेजारी मिळतं. नवसागर वेगळा, तो वापरू नका. मग 500 ग्रॅम बारीक मैदा घालून मळा आणि झाकून तासभर थंड जागी ठेवा. कच्चं पीठ चाखू नका, अमोनियाची चव जाते ती भट्टीतच.

सेंटिमीटरभर जाडीची पोळी लाटा. मोदकाच्या साच्याला तूप लावतो तसं इथे काही लावायचं नाही, तुपाला पीठ चिकटून बारीक रेषा बुजतात. पोळीवरच कोरड्या ब्रशने मैद्याचा हलका हात फिरवा, साचा सरळ खाली दाबा, न हलवता सरळ वर उचला. कडा कापा. ट्रेवर बडीशेपेसारखी दिसणारी अॅनिस पसरा आणि त्यावर तुकडे मांडा.

आणि मग थांबा. निदान 24 तास, वारा न लागणाऱ्या खोलीत. सगळा खेळ या वाळण्यात आहे. वरची कातडी कडक झाली की भट्टीत ती ताणली जात नाही. वायू आणि वाफ खालून ढकलतात, बिस्किट उभं वर उचललं जातं आणि बुडाला एक खरबरीत पायरी तयार होते. तिला इथे पाय म्हणतात, आणि श्वाबियातल्या, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या भागातल्या, आज्या चित्राआधी पायच बघतात. एका बाजूने वारा लागला तर पाय तिरका येतो. भाजण्याआधी प्रत्येक तुकडा ओल्या फडक्यावर क्षणभर टेकवा, बुड सैल होतं. 150 अंशांवर, फक्त खालच्या आचेवर, पंधरा-वीस मिनिटं. आधी एकच भाजून बघा, प्रत्येक ओव्हनची तऱ्हा वेगळी. वर पांढरं आणि पाय फिकट सोनेरी हवा. वरचा भाग पिवळा पडला तर आच जास्त झाली.

भाजल्यावर ती दगडासारखी लागतात, घाबरू नका. डब्यात सफरचंदाच्या फोडीबरोबर ठेवा, बुरशी येऊ नये म्हणून फोड दोन दिवसांनी बदला. दोन-तीन आठवड्यांत मऊ होतात आणि अॅनिसचा वास आतपर्यंत मुरतो. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यालाच सुरुवात करायची.

इतका धीर नसेल तर नेदरलँड्स-बेल्जियमचं स्पेकुलास करा. लोणी, ब्राऊन शुगर, दालचिनी, लवंग, जायफळ. पीठ थंड करून तांदळाची पिठी भुरभुरलेल्या साच्यात दाबायचं, सुरीने मागचं जास्तीचं कापायचं आणि साचा ओट्यावर आपटायचा. लोण्यामुळे बारीक रेषा पुसट होतात, म्हणून लेसवाली बाई बाजूला ठेवा. पवनचक्कीसारखा ठळक, खोल साचा घ्या.

साचा पाण्यात कधीच बुडवू नका, लाकूड रेषेवर तडकतं. अडकलेलं पीठ वाळू द्या, मग लाकडी टूथपिकने उडवा आणि कोरड्या टूथब्रशने झाडा. हीटरच्या जवळ ठेवू नका.