हॉट सीटची तयारी : ‘माहीत आहे’ आणि ‘वाटते’ यांतील अंतर

दूरचित्रवाणीवरील सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत उतरायचे ठरले की बहुतेक जण आधी जाडजूड पुस्तके विकत आणतात. वाचन हवेच, परंतु या खेळात नुसत्या वाचनापेक्षा एक वेगळी सवय अधिक उपयोगी पडते आणि ती लावून घ्यायला काही महिने लागतात. आपल्याला एखादी गोष्ट खरोखर माहीत आहे की ती तशी असावी असे केवळ वाटते आहे, हे क्षणभरात आणि प्रामाणिकपणे ओळखता येणे, ही ती सवय होय. हा लेख ‘कौन बनेगा करोडपती’ आणि त्याचे मराठी रूप ‘कोण होणार करोडपती’ हे दोन कार्यक्रम डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक इच्छुक याच दोन दारांशी जातात.

हिंदी कार्यक्रम ३ जुलै २००० रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे त्याचे पहिले करोडपती ठरले. ते त्या काळात नागरी सेवा परीक्षेची तयारी करत होते. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे काम करत होत्या. हा खेळ विशिष्ट पदवीचा किंवा विशिष्ट शहराचा मिंधा नाही, हे सिद्ध करायला ही दोन नावे पुरेशी आहेत. तेव्हा ‘आपण कुठे एवढे शिकलो’ हा विचार पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावा.

प्रवेशाची वाट

नव्या पर्वाच्या आधी काही दिवस वाहिनीवर रोज एक प्रश्न विचारला जातो आणि ठरावीक मुदतीत ॲपवरून, संदेशाने किंवा फोनवरून त्याचे उत्तर द्यायचे असते. हे प्रश्न सोपे असतात, त्यामुळे बरोबर उत्तर देणाऱ्यांची संख्या प्रचंड असते आणि पुढची निवड बऱ्याच अंशी संगणकाच्या हाती जाते. म्हणून एकही दिवस चुकवू नये, एवढेच आपल्या हातात असते. त्यानंतर फोनवर काही प्रश्न, मग सामान्यज्ञानाची चाचणी आणि मुलाखत अशा पायऱ्या येतात. मुलाखतीत आपण कोण आहोत, काय काम करतो आणि पैसे मिळाले तर त्यांचे काय करणार आहोत, हे साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे. दुःखाची रंगवलेली कहाणी तयार करून नेऊ नये. हॉट सीटवर, म्हणजे सूत्रसंचालकासमोरच्या स्पर्धकाच्या खुर्चीवर, सूत्रसंचालक नेमके त्याच कहाणीवर बोलतील आणि खोटा सूर कॅमेऱ्यासमोर टिकत नाही.

या वाटेवर कोठेही पैसे भरावे लागत नाहीत. ‘तुमच्या क्रमांकाला २५ लाखांची लॉटरी लागली आहे’ असे व्हॉट्सॲपवर कळवून प्रक्रिया शुल्क मागणारे संदेश या कार्यक्रमाच्या नावाने वर्षानुवर्षे फिरत आहेत आणि त्यांत अनेकांची आयुष्यभराची बचत गेली आहे. असा संदेश आल्यास उत्तर देऊ नये आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

अभ्यास कसा करावा

चार पर्यायांच्या प्रश्नाचा अभ्यास एका ओळीच्या प्रश्नोत्तरांनी होत नाही. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वर येथे आहे, एवढे पाठ करून थांबणाऱ्याचे ज्ञान एका धाग्यावर लोंबकळते. परंतु हाच प्रश्न गोदावरी, कृष्णा, भीमा आणि तापी अशा चार पर्यायांसह समोर ठेवला आणि उरलेल्या तिघींचेही उगम शोधले, म्हणजे कृष्णेसाठी महाबळेश्वर, भीमेसाठी भीमाशंकर आणि तापीसाठी मध्य प्रदेशातील मुलताई, की एका प्रश्नातून चार उत्तरे पक्की होतात. शिवाय उत्तर थेट आठवले नाही तरी चुकीचे पर्याय गाळून त्याच्यापर्यंत पोहोचता येते. प्रत्यक्ष खेळात हे गाळणेच अधिक वेळा कामी येते, म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली ‘बाकीचे तीन का नाहीत’ हे लिहिण्याचा नियम करावा.

वर्षांचा अभ्यासही असाच साखळीने करावा. ज्ञानपीठ मिळालेले मराठी साहित्यिक घेतले तर वि. स. खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा करंदीकर २००३ आणि भालचंद्र नेमाडे २०१४ अशी चौकट तयार होते. सिंधुदुर्ग १९८१, गडचिरोली १९८२, वाशीम १९९८ आणि पालघर २०१४ ही जिल्ह्यांच्या निर्मितीची साखळीही तशीच. अशा साखळ्यांचा खरा उपयोग ‘फास्टेस्ट फिंगर’ फेरीत होतो, कारण तेथे चार गोष्टी योग्य क्रमाने लावाव्या लागतात आणि बरोबर क्रम लावणाऱ्यांपैकी सर्वांत वेगवान स्पर्धकच हॉट सीटवर जातो. त्या फेरीत प्रश्न आधी वाचला जातो आणि पर्याय नंतर दिसतात, म्हणून प्रश्न ऐकतानाच क्रमाची दिशा मनात पक्की करावी : जुन्याकडून नव्याकडे की उलट, उत्तरेकडून दक्षिणेकडे की उलट. ज्यांना उत्तर येत होते असे कितीतरी जण ही दिशा उलटी धरल्यामुळे मागे राहतात. संपूर्ण क्रम मनात लागल्याशिवाय पहिले बटण दाबू नये, हेही घरी घोटून घ्यावे.

आता त्या मुख्य सवयीकडे येतो. एक वही करावी आणि सरावात सोडवलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे, उत्तर तपासण्यापूर्वी, आपली खात्री आकड्यात लिहावी : पूर्ण खात्री असेल तर १००, बरीच असेल तर ७५, दोनांत अडकलो असू तर ५० आणि निव्वळ अंदाज असेल तर २५. महिनाअखेरीस प्रत्येक गटातील उत्तरे किती बरोबर आली ते मोजावे. माझ्या धाकट्या बहिणीची तयारी मी घरी करून घेत होतो तेव्हा तिने ७५ लिहिलेल्या उत्तरांपैकी निम्म्याहून थोडीच जास्त बरोबर निघाली आणि त्या संध्याकाळी ती फार खट्टू झाली. वास्तविक तोच तिच्या तयारीतला सर्वांत मोलाचा दिवस होता, कारण आपला ‘बहुतेक हेच’ हा शब्द किती स्वस्त आहे, हे तिला कागदावर दिसले. पुढच्या दोन महिन्यांत तिचा ७५ खरोखरच ७५ च्या जवळ आला. वाचन पूर्वीइतकेच होते. बदलला होता तो स्वतःला तपासण्याचा काटेकोरपणा.

खेळायचे की सोडायचे

या आकड्यांचा उपयोग कसा होतो, हे २०१९ च्या हिंदी पर्वाच्या रकमांवरून पाहू. त्यात पाचव्या प्रश्नानंतर १०,००० आणि दहाव्यानंतर ३,२०,००० रुपये हे सुरक्षित टप्पे होते, म्हणजे पुढे चूक झाली तरी तेवढी रक्कम हातात राहत असे. त्यापुढे ६,४०,०००, मग १२,५०,०००, २५ लाख, ५० लाख आणि पंधराव्या प्रश्नाला एक कोटी, अशी शिडी होती. सहाव्या आणि अकराव्या प्रश्नाला चूक झाली तरी हातातले काही जात नाही, त्यामुळे तेथे काहीच सुचत नसले तरी उत्तर द्यावे. मात्र ६,४०,००० हातात असताना बारावा प्रश्न चुकला तर ३,२०,००० जातात आणि बरोबर आला तर ६,१०,००० वाढतात. सरासरीचा हिशेब मांडला तर सुमारे ३४ टक्के खात्री असली तरी खेळणे परवडते. १२,५०,००० वर असताना हीच मर्यादा सुमारे ४३ टक्क्यांवर जाते, २५ लाखांवर सुमारे ४७ टक्क्यांवर आणि ५० लाखांवर सुमारे ४८ टक्क्यांवर. दहावा प्रश्नही फसवा आहे, कारण तेथे चूक झाल्यास १,६०,००० वरून थेट १०,००० वर घसरण होते. त्याची मर्यादा ४८ टक्क्यांची आहे.

हा हिशेब हजार वेळा खेळणाऱ्याचा आहे आणि आपल्याला संधी एकदाच मिळते, हे येथे विसरता कामा नये. ज्या घरावर कर्ज आहे त्या घराला २५ लाखांवरून ३,२०,००० वर येणे आणि ५० लाखांवर जाणे ही दोन टोके समान वजनाची नसतात. म्हणून माझे मत असे की बाराव्या प्रश्नानंतर किमान ७० टक्के खात्री असल्याशिवाय खेळू नये आणि कोणत्या रकमेवर किती खात्री पुरेशी मानायची, हे घरच्यांशी बोलून आधीच कागदावर लिहून ठेवावे. दिव्यांच्या झोतात, टाळ्यांच्या कडकडाटात हा निर्णय नव्याने घेण्याची वेळ येऊ देऊ नये.

लाइफलाइन वापरताना

लाइफलाइनची, म्हणजे अडल्यावर घ्यायच्या मदतीची, नावे आणि संख्या पर्वागणिक बदलतात, परंतु त्यांचे स्वभाव फारसे बदलत नाहीत. दोन चुकीचे पर्याय गाळणाऱ्या फिफ्टी-फिफ्टीबद्दल एक भीती सर्वत्र ऐकू येते की ज्या दोन पर्यायांत आपण अडकलो आहोत तेच दोन नेमके उरतात. गाळले जाणारे पर्याय यादृच्छिकपणे निवडले जात असतील तर तसे तीनांपैकी एकदाच घडते. उरलेल्या दोन वेळा उत्तर उघड होते. म्हणजे योग्य उत्तर त्या दोघांतच आहे अशी पक्की खात्री असेल, तर ५० टक्क्यांवरून थेट ८३ टक्क्यांपर्यंत उडी मारता येते, आणि एकही पर्याय गाळता येत नसेल तर ती २५ वरून ५० पर्यंतच जाते. पूर्ण अंधारात ही लाइफलाइन वाया घालवू नये.

प्रेक्षकांचे मत चित्रपट, क्रिकेट, खाद्यपदार्थ, पुराणकथा अशा सर्वांच्या परिचयाच्या विषयांसाठी राखून ठेवावे. एका पर्यायाला ७० टक्के कौल आला तर तो बहुधा ज्ञानाचा असतो. ३५, ३०, २० आणि १५ असे आकडे दिसले तर समोरचे सभागृहही अंदाजच करते आहे असे समजावे, मग पहिला आकडा कितीही मोह घालो. फिफ्टी-फिफ्टी नंतर लगेच प्रेक्षकांना विचारले तर ज्यांना माहीत नाही तेही उरलेल्या दोनांतच विभागले जातात आणि कौलाचा अर्थ लावणे कठीण होते, म्हणून हा क्रम मी टाळायला सांगेन.

मित्राला लावायच्या फोनला ३० सेकंद मिळतात आणि त्यांतली निम्मी नमस्कारात जातात. घरी घड्याळ लावून प्रश्न आणि चारही पर्याय १२ सेकंदांत वाचण्याचा सराव करावा. मित्रांची नावे देताना सर्वांत हुशार मित्र शोधू नये. आपण ज्या विषयांत कच्चे आहोत त्या विषयांची वेगवेगळी माणसे निवडावीत आणि त्यांना आधीच बजावून ठेवावे की उत्तरासोबत ‘खात्री’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द बोलायचाच आहे. तो एक शब्द पुष्कळदा उत्तराहून महत्त्वाचा असतो.

वेळेचाही विचार करावा. २०१९ च्या त्याच हिंदी पर्वात पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद, पुढच्या पाचांना ६० सेकंद आणि त्यानंतर घड्याळ नाही, अशी रचना होती. सुरुवातीच्या प्रश्नांत म्हणी, सण, स्वयंपाकघर, जाहिराती यांतले काहीही येते आणि पुस्तकी अभ्यास करणारे तेथेच अडखळतात. दहाव्यानंतर मात्र घाई करणे ही निव्वळ स्वतःहून ओढवलेली चूक असते. प्रश्न संपूर्ण वाचावा, ‘नाही’ आणि ‘पहिला’ या शब्दांवर थांबावे, गाळलेला प्रत्येक पर्याय कारणासह मोठ्याने बोलावा. उत्तर लॉक होईपर्यंत बदलता येते आणि खेळ सोडता येतो, लॉक झाल्यावर दोन्ही दारे बंद होतात; म्हणून सोडायचे असल्यास ‘मी खेळ सोडतो’ किंवा ‘मी खेळ सोडते’ हे शब्द स्पष्ट उच्चारावेत, अर्धवट पुटपुटू नयेत.

जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के द्यावे लागतात. या रकमेला करमुक्त मर्यादेचा किंवा गुंतवणुकीवरील वजावटींचा लाभ मिळत नाही आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेले की अधिभारही लागतो. १२,५०,००० पैकी ३,९०,००० कापले जाऊन ८,६०,००० हाती येतात, २५ लाखांपैकी १७,२०,०००. कराचे प्रमाण सर्व टप्प्यांवर जवळपास सारखेच असल्याने वर मांडलेल्या टक्क्यांत फारसा फरक पडत नाही, परंतु घरी ‘एवढ्यात काय काय होईल’ याची यादी करताना हातात येणारा आकडाच लिहावा. पॅन आणि बँक खाते यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे चाचणीला जाण्यापूर्वीच तपासून घ्यावे आणि कापलेल्या कराचे प्रमाणपत्र त्या वर्षीचे विवरणपत्र भरेपर्यंत जपून ठेवावे.