सर्व्हेत रक्त, वजन, बीपी मोजताय? मग या चुका टाळा

घरोघरी जाऊन करायच्या सर्व्हेत आता नुसते प्रश्न राहिलेले नाहीत. देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेकडून होणारा एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) घ्या किंवा ४५ वर्षांपुढच्या लोकांचा लासी हा सर्व्हे घ्या, टीमसोबत वजनकाटा, बीपी मशीन आणि बऱ्याचदा रक्ताचे थेंब घ्यायची कार्डं असतात, एनएफएचएस-५ पर्यंत तर थेंबातलं हिमोग्लोबिन जागेवरच मोजायचं हिमोक्यू मशीनही असायचं. प्रश्नाचं उत्तर चुकीचं लिहिलं गेलं तर फोन करून परत विचारता येतं, पण मंगळवारी घेतलेल्या थेंबाचं हिमोग्लोबिन शुक्रवारी परत मोजता येत नाही. आणि मशीनवर ११.४ असं पॉइंटसकट दिसलं की सगळे त्यावर विश्वास ठेवतात, त्यामुळे चूक झालीय हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बोटातून रक्त घेताना. बाईचे हात भांडी घासून गार पडलेले असतात, थेंब येत नाही, मग आपला हेल्थ इन्व्हेस्टिगेटर बोट पिळायला लागतो. पिळलं की रक्तासोबत आजूबाजूच्या पेशींच्या मधल्या जागेतलं पाणीही येतं, रक्त पातळ होतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. गरोदर नसलेल्या बाईसाठी १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, म्हणजे १२.१ चं ११.८ झालं की धडधाकट बाई अ‍ॅनिमियाच्या रकान्यात जाऊन बसते. म्हणून टोचायच्या आधीच हात चोळून गरम करायचा, खाली सोडायला सांगायचं, मधलं किंवा त्याच्या शेजारचं बोट घ्यायचं आणि टोकावर नाही तर जरा बाजूला टोचायचं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ओल्या बोटावर टोचलं की तेही थेंबात मिसळतं. पहिले दोन-तीन थेंब कोरड्या कापसाने पुसायचे आणि मगच क्युव्हेट (रक्त भरून मशीनमध्ये घालायची छोटी पट्टी) लावायची, ती एकाच दमात भरली पाहिजे. आत बुडबुडा दिसला तर फेकून द्या, वरून अजून रक्त भरून "चालतंय" म्हणू नका. क्युव्हेटच्या डबीचं झाकण उघडं राहिलं की दमट हवेत सगळी डबी खराब होते, म्हणून उघडली त्या दिवशीच डबीवर तारीख घाला, त्यानंतर ती ३ महिनेच चालते.

हे काही बारीकसारीक नाही हो. २०१५-१६ च्या एनएफएचएस-४ मध्ये बोटाच्या रक्तावरून ५ वर्षांखालच्या मुलांमध्ये ५८ टक्क्यांच्या वर अ‍ॅनिमिया आला, आणि त्याच सुमारास २०१६-१८ च्या सीएनएनएसमध्ये (मुलांच्या पोषणाचा देशभरातला सर्व्हे) शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये तपासलं तर १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये ४१ टक्के. वयोगट थोडा वेगळा आहे हे मान्य, पण एवढा फरक नुसत्या वयाने पडत नाही, रक्त कुठून आणि कसं घेतलं याचा त्यात मोठा वाटा आहे. लोहाच्या गोळ्यांचे कार्यक्रम याच आकड्यांवर ठरतात म्हणून मला हे फार गंभीर वाटतं.

आता डीबीएस कार्ड, म्हणजे रक्ताचे थेंब वाळवून लॅबला पाठवायचं कागदी कार्ड. थेंब मोठा होऊ द्या, कागदाला नुसता टेकवा, गोल आपोआप भरला पाहिजे आणि मागच्या बाजूलाही तेवढाच दिसला पाहिजे. एका थेंबावर दुसरा थेंब चढवला की ते कार्ड वायाच गेलं. रात्रभर सावलीत आडवं वाळवायचं, उन्हात नाही. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात काम असेल तर घाईत पिशवी बंद करू नका, ओलसर कार्ड आत कोंडलं की बुरशी धरते. पिशवीत सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारी पट्टी टाका, पट्टी निळ्याची गुलाबी झाली की सिलिका जेल बदला. आणि बारकोड थेंब घ्यायच्या आधी चिकटवा, त्याच घरात, त्याच माणसासमोर. सासू-सुनेची कार्डं संध्याकाळी लॉजवर बसून जुळवायची म्हटलं की अदलाबदल झालीच समजा.

बीपीला मशीन क्वचितच दगा देतं, माणसाला बसवण्यातच चूक होते. चहा, तंबाखू आणि मिश्रीनंतर अर्धा तास गेला पाहिजे, मिश्री लावली का हे मुद्दाम विचारा कारण बायका स्वतःहून सांगत नाहीत. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला आणि गप्पा बंद. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त येतं. तीन रीडिंग सांगितलेत तर तीनच घ्या, एक घेऊन बाकीचे अंदाजाने भरू नका.

उंचीला अंबाडा सोडायला लावा. २ वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजायचं, उभं करून मोजलं असेल तर ०.७ सेंमी मिळवायचे, आणि बाळाच्या पायातले वाळे नि अंगातला स्वेटर काढूनच वजन. पण मुलांच्या बाबतीत खरा घात वयात होतो. वय दोन महिन्यांनी चुकलं तरी मूल खुजं (वयाच्या मानाने बुटकं) ठरतं किंवा त्यातून सुटतं, म्हणून जन्मदाखला किंवा लसीकरणाचं कार्ड बघा, काहीच नसेल तर गणपती, दिवाळी, पेरणी असं विचारत महिना काढा.

सुपरव्हायझरने रोज रात्री टीमवार टेबल काढावं. उंचीच्या आकड्यांच्या शेवटी सगळीकडे ० आणि ५ च येत असेल तर कोणीतरी डोळ्याने अंदाज घेतंय. एकाच तालुक्यातल्या दोन टीमच्या सरासरी हिमोग्लोबिनमध्ये एक पॉइंटचा फरक असेल तर आधी बोट कसं टोचतायत ते जाऊन बघा. नकार कोण देतंय तेही बघा, दिवसा गेलात तर कामावर गेलेले पुरुष सुटतात, तिथे संध्याकाळी परत जायला लागतं. रीडिंग संशयास्पद वाटलं तर आकडा बसवू नका, परत मोजा, ते जमलं नाही तर कोरं ठेवून कारण लिहा. आणि हे सगळं टीम त्या गावात असतानाच करा, कारण गाडी पुढच्या जिल्ह्यात गेली की परत कोणी पाठवत नाही.