लक्झेंबर्गमध्ये तिकिटाच्या रांगेत उभं राहू नका

लक्झेंबर्गमध्ये बस, ट्राम आणि रेल्वे 29 फेब्रुवारी 2020 पासून मोफत आहे, परदेशी पाहुण्यांनाही. त्यामुळे दिवसभराचा पास शोधत बसू नका. थेट गाडीत चढा.

चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली म्हणजे पहिला वर्ग: रेल्वेत तो अजूनही पैसे देऊनच मिळतो. डब्यावर मोठा '1' दिसला की पुढचा दरवाजा गाठा. दुसरी चूक सीमेवरची. मोफत प्रवास देशाच्या हद्दीपुरताच. जर्मनीतल्या ट्रियरला निघालात तर वास्सरबिलिग हे लक्झेंबर्गचं शेवटचं स्टेशन. त्यापुढचं तिकीट गाडीत चढण्याआधीच काढून ठेवा. फ्रान्समधल्या मेट्झच्या बाजूला हीच हद्द बेटेम्बुर्ग स्टेशननंतर येते.

विमानतळावरून शहरात यायला ट्राम उत्तम. मार्च 2025 पासून ती थेट फिंडेल विमानतळापर्यंत धावते आणि किर्शबेर्ग या शहरातल्या भागामार्गे मुख्य रेल्वे स्थानकाला पोचवते.

उत्तरेच्या एटेलब्रुक गावाकडून रेल्वेने येऊन किर्शबेर्गला जायचं असेल तर मुख्य स्थानकापर्यंत जाऊच नका. त्याच्या अलीकडच्या फाफेनथाल-किर्शबेर्ग स्टेशनला उतरा. फलाटाशेजारीच दोरखंडाने ओढली जाणारी फ्युनिक्युलर आहे, तीही मोफत. मिनिटाभरात ती चढ पार करते आणि वर समोरच ट्रामचा थांबा. या एका युक्तीने शहराचा मोठा वळसा वाचतो.

व्हियांडन गावचा किल्ला पाहायचा तर तिथे रेल्वे नाही. एटेलब्रुक किंवा डीकिर्शला उतरून बस धरा. रविवारी फेऱ्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.