आवाज चढवला म्हणजे दरारा येत नाही: या चुका टाळा

"मीटिंगमध्ये माझं कोणी ऐकत नाही, आवाज कसा वाढवू?" असं विचारणाऱ्या बहुतेकांचा आवाज पुरेसा मोठा असतो. मोठ्याने बोलणारा ऐकणाऱ्याला वरचढ वाटतो हे खरंच आहे. पण 'जितका मोठा तितका दरारा' हे गणित फार लवकर फसतं.

सर्रास होणारी चूक म्हणजे स्वतःच्या कानावर भरवसा ठेवणं. गोंगाटात आवाज आपोआप चढतो. फ्रेंच डॉक्टर लोम्बार्ड यांनी १९११ मध्ये त्यावर लिहिलं, म्हणून याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. पण तो गोंगाट श्रोत्यापर्यंत पोचेलच असं नाही. १९ जानेवारी २००४ ला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हॉवर्ड डीन यांचं हेच झालं. राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत तिसरे आल्यावर ते कार्यकर्त्यांच्या जल्लोषावर मात करत बोलत होते. हातातला माईक मात्र तोंडासमोरचाच आवाज घेणारा. हॉलमध्ये तो आवाज गर्दीत मिसळून गेला. टीव्हीवर गर्दी जवळजवळ गायब आणि एकटा माणूस किंचाळतोय! पुढे कित्येक दिवस टीव्हीवर तेवढाच तुकडा वाजत राहिला. म्हणून बोलण्याआधी अर्धा मिनिट माईकमधून रेकॉर्ड करून ऐका. ऑनलाइन बोलताना बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन असतील तर एक कान मोकळा ठेवा.

दुसरी चूक आळशीपणाची: माईकचा गेन, म्हणजे तो आवाज किती मोठा करून घेतो ते सेटिंग, वाढवायचा आणि निवांत व्हायचं. जोर लावून बोललं की पट्टी चढते, स्वर लांबतात, आवाजाला धार येते. हे सगळं कान ओळखतो. कुजबुज कितीही फुगवली तरी कुजबुजच, आणि ओरडणं हळू वाजवलं तरी ओरडणंच. त्यात खालची पट्टी वरचढ वाटते. म्हणजे आवाजाने कमावलेलं पट्टी घालवते. ओठ मिटून सहज 'हं' म्हणा, त्याच पट्टीत वाक्य सुरू करा. फोन एक मीटरवर ठेवून साउंड मीटर ॲप लावा. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, पण ॲपचा आकडा देव मानू नका, फक्त फरक बघा. तीन ते पाच डेसिबल वाढ पुष्कळ झाली. दहाने आवाज जवळपास दुप्पट वाटतो. अधीर मंडळी पहिल्याच दिवशी पंधरा चढवतात आणि घसा बसला म्हणून तक्रार करतात.

सगळी वाक्यं सारख्याच जोरात नकोत. २०१५ च्या एका अभ्यासात अधिकाराची भूमिका दिलेल्यांच्या आवाजात लहानमोठेपणाचा फरक जास्त आढळला, आणि श्रोत्यांनी वरचं स्थान त्यावरूनही ओळखलं. मुद्द्याचं वाक्य तेवढं उचला.

माईक एकाच अंतरावर धरा. दहा सेंटिमीटरवरून वीसवर गेला की सहा डेसिबल गेले.

झूममधलं मायक्रोफोन आपोआप जुळवून घेणारं सेटिंग बंद करा. ते तुमचे चढउतार सपाट करतं.

आणि वाक्याचा शेवट गिळू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी. "हा दर आम्हाला परवडणार" इथवर खणखणीत आणि "नाही" पुटपुटलेलं, तर समोरचा त्याच दराने बिल पाठवतो.