अमेरिकी काँग्रेसमधील वांशिक कॉकसचे सदस्यत्व कसे तपासावे

एखादा लोकप्रतिनिधी विशिष्ट वांशिक कॉकसचा (समान वंश किंवा हितसंबंध असलेल्या सदस्यांच्या गटाचा) सदस्य होऊ शकतो का, हे त्याच्या आडनावावरून ठरवू नये. आधी सभागृहाचा नियम आणि त्या कॉकसचा स्वतःचा नियम, असे दोन भाग वेगळे करावेत.

प्रतिनिधीगृहात हे गट सभागृह प्रशासन समितीकडे नोंदवले जातात आणि दर दोन वर्षांनी, नवी काँग्रेस सुरू झाली की, ही नोंदणी पुन्हा करावी लागते. नोंदणीत कॉकसचे नाव, उद्देश आणि पदाधिकारी कळवले जातात. १९९५ मध्ये अशा गटांचे स्वतःचे कार्यालय आणि वेगळा नोकरवर्ग बंद करण्यात आला. मात्र कोणाला आत घ्यायचे, यात समिती पडत नाही. त्यामुळे नोंदणीची यादी पाहून गट अधिकृत आहे एवढेच कळते.

पुढचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे: कॉकस सदस्याचा स्वतःचा वंश पाहतो, त्याचे मतदार पाहतो, की केवळ त्याची आस्था? १९७१ साली १३ सदस्यांनी स्थापन केलेल्या ब्लॅक कॉकसमध्ये सदस्य स्वतः कृष्णवर्णीय असावा, हा संकेत अलिखित असूनही कसोशीने पाळला जातो. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाचे गोरे प्रतिनिधी पीट स्टार्क यांना प्रवेश नाकारला गेला. मेम्फिसच्या कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या मतदारसंघातून २००६ मध्ये निवडून आलेले गोरे प्रतिनिधी स्टीव्ह कोहेन यांनीही विरोध पाहून आपला प्रयत्न सोडून दिला. म्हणून कॉकसच्या लिखित नियमांत एखादी अट सापडली नाही, तर ती नाहीच असे समजू नये. नाकारलेल्या अर्जांचा इतिहास अवश्य पाहावा. मला स्वतःला हा संकेत समर्थनीय वाटतो, पण तो लेखी असता तर अर्ज करणाऱ्याची कुचंबणा टळली असती.

१९९४ चा एशियन पॅसिफिक अमेरिकन कॉकस मात्र आशियाई वंशाच्या सदस्यांबरोबरच मोठी आशियाई लोकवस्ती असलेल्या मतदारसंघांच्या प्रतिनिधींनाही सामावून घेतो. येथे मतदारसंघाची जनगणना उघडून पाहणे उपयोगी ठरते. वंश दुहेरी असेल, तर सदस्यत्वही दुहेरी असू शकते. सिनेटर असताना कमला हॅरिस या दोन्ही कॉकसमध्ये होत्या. भारत आणि भारतीय-अमेरिकनांसाठीच्या १९९३ च्या कॉकसमध्ये तर वंशाची अटच नाही.

पक्षही विसरू नये. क्यूबन निर्वासितांचे पुत्र, फ्लोरिडाचे रिपब्लिकन प्रतिनिधी कार्लोस कर्बेलो यांचा अर्ज २०१७ मध्ये केवळ डेमोक्रॅट सदस्य असलेल्या हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या लोकांच्या) कॉकसने मतदानाने फेटाळला, म्हणजे केवळ वंश पुरेसा नव्हता. रिपब्लिकनांची वेगळी हिस्पॅनिक कॉन्फरन्स २००३ पासून आहेच.

ही तपासणी मराठी वाचकाला श्री ठाणेदार यांच्याबाबत करून पाहता येईल. बेळगावात वाढलेले ठाणेदार २०२३ पासून डेट्रॉइटच्या ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करतात, त्यात कृष्णवर्णीय मतदार फार मोठ्या संख्येने आहेत. ब्लॅक कॉकसचे पहिले अध्यक्ष चार्ल्स डिग्ज हेही डेट्रॉइटचेच प्रतिनिधी होते. तरीही त्या कॉकसचा संकेत मतदारांकडे न पाहता सदस्याच्या वंशाकडे पाहतो, त्यामुळे ठाणेदार त्यात बसत नाहीत. आशियाई कॉकसची अट मात्र ते जन्मानेच पूर्ण करतात.